उतारावर लावलेली गाडी

सोमवारी सकाळी, दूध केंद्राच्या फाटकाच्या आत, सपाट सिमेंटवर, कुणाचाही हात न लागता आमची पिकअप पहिल्या चावीला सुरू झाली.

हे वाक्य आता विसरून जायचं. मी काही बोललो नाही, तुम्ही काही वाचलं नाही. आज बुधवार आहे, थंडी कडाक्याची पडलीय आणि गाडी सुरू होत नाहीये.

सुरू होत नाही म्हणजे अगदीच होत नाही असं नाही. ती उतारावर सुरू होते. ब्रेक सोडायचा, गाडीला घरंगळू द्यायचं, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच झटक्यात सोडायचा, की ती ढेकर दिल्यासारखे दोन हिसके देते आणि काळा धूर सोडत चालायला लागते. त्यामुळे आम्हाला चांगलं ऐसपैस अंगण असूनही गाडी अंगणात नसते. ती घरामागच्या चढावर, नाक खाली करून, पुढच्या चाकांना दगड लावून उभी असते. रोज पहाटे ताई त्या दगडांना लाथ घालते आणि पळत जाऊन गाडीत बसते. दगड गोल झालेत. ताईचा उजवा अंगठाही.

गाडी मुळात बाबांची. बाबांचा गुडघा कामातून गेला तेव्हा ती विकायची ठरली होती. ताई त्या वेळी बस डेपोत तिकीट खिडकीवर बसायची. रोज शेकडो लोकांना ती जाताना बघायची, आणि आपण तिथंच बसून असल्याचा तिला भयंकर राग यायचा. एक दिवस खिडकी बंद करून ती घरी आली आणि म्हणाली, "चावी कुठंय?" तेव्हापासून वस्त्यावस्त्यांवरून दूध गोळा करून केंद्रावर पोचवायची फेरी तिची. कॅन चढवायचे आणि उतरवायचे, हे माझ्याकडे. मी शिकलेला असल्यामुळे ताई मला 'विद्वान' म्हणते, विशेषतः कॅन जड असतो तेव्हा.

पंचक्रोशीतले सगळे उतार ताईला तोंडपाठ आहेत. वस्तीवर गाडी ती माणसांच्या सोयीनं लावत नाही, जमिनीच्या सोयीनं लावते. एका वस्तीवर तर लोक भरल्या चरव्या घेऊन पार ओढ्यापर्यंत चालत येतात, कारण उतार तिकडं आहे. त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्यांना वाटतं, सरकारी नियम असेल.

बुधवारी मात्र खरोखरच नियम निघाला.

केंद्रावर नवे साहेब आले होते. आम्ही नेहमीसारखं इंजिन चालू ठेवून कॅन उतरवायला लागलो, तर साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आले.

"इंजिन बंद करा. धूर तपासणीच्या खोलीत येतो. दुधाला वास लागतो."

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं बघितलं. ताईनं चावी फिरवली. इंजिन थांबलं आणि अंगावरचं पांघरूण कुणी ओढून घेतल्यासारखी शांतता झाली.

कॅन उतरले, वजन झालं, रिकामे कॅन चढले. ताई गाडीत बसली. चावी फिरवली.

"टक."

बस, एवढंच. कुणीतरी दारावर एकदा टिचकी मारावी आणि 'काही नाही, सहज आलो होतो' म्हणून निघून जावं, तसा आवाज. ताईनं पुन्हा चावी फिरवली. पुन्हा टक.

मग धक्का. मी, कॅन धुणारी मावशी, रखवालदार आणि मोजमाप करणारा कारकून. सिमेंट ओलं होतं, पाय सटकत होते. मावशींचे हात साबणाचे होते, ते गाडीच्या मागच्या फळीवरून निसटले आणि त्या माझ्या पाठीवर आल्या. आणि हे सगळं टेम्पोवाला बघत होता. नवाकोरा टेम्पो घेतल्यापासून त्याला आमची फेरी हवी होती. तो दाराला टेकून शेंगा सोलत म्हणाला, "ताई, नक्की ठरवा एकदा. गाडी माणसं नेते, का माणसं गाडी नेतात?"

गाडी फाटकापाशी येऊन एकदाची सुरू झाली आणि जमलेल्या धुराचा सगळा लोट सरळ तपासणीच्या खोलीत गेला.

साहेब पुन्हा बाहेर आले. "फाटकाच्या आत धक्का मारून वाहन सुरू करायला मनाई आहे."

"कधीपासून?" ताईनं खिडकीतून विचारलं.

"आत्तापासून. सोमवारी सगळ्या गाड्यांची तपासणी. जी गाडी आपली आपण सुरू होणार नाही, तिची फेरी दुसऱ्याला." आणि साहेबांची नजर टेम्पोवर गेली. टेम्पोवाल्यानं शेंगांची टरफलं झटकून शर्ट सारखा केला.

"होईल," ताई म्हणाली.

तिनं एवढंच म्हटलं. मग तिनं गाडी घराकडं वळवली. फेरी गेली तर तिला परत त्या खिडकीत बसावं लागणार होतं. जाळीपलीकडून लोक सुटे पैसे सरकवणार आणि ती त्यांना जायला मदत करणार. स्टिअरिंगवरची तिची बोटं पांढरी पडली होती. थंडीही होती म्हणा.

ताईनं त्या दिवशी गाडी पहिल्यांदा अंगणात लावली. सपाटीवर. इंजिन बंद केलं आणि चावी आईच्या हातात दिली.

"आता ही इथंच बरी होणार. उद्यापासून गरज लागेल तेव्हा धक्का मारून बाहेर काढू, पण उतारावर जायचं नाही. उतारानंच हिची सवय बिघडवली."

"तुझीपण," आई म्हणाली.

"आणि एक. अंदाजानं एकही वस्तू बदलायची नाही. आधी काय काय बरं आहे ते शोधायचं. बरं ठरेल त्याला सोडून द्यायचं. शेवटी उरेल तो चोर."

"आणि सगळंच बरं निघालं तर?" मी विचारलं.

"तर तुला विकू."

पहिला संशय बॅटरीवर. ती सगळ्यांचाच पहिला संशय असते, घरात काही हरवलं की माझं नाव निघतं तसं. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली. मी ती पोटाशी धरून आणली, आणि त्या बॅटरीचं वजन काय असतं हे ज्यानं ती पोटाशी धरलीय त्यालाच विचारावं. पँटवर तेजाबाचा थेंब पडला, तिथं नंतर चांगलं हवेशीर भोक झालं. टर्मिनल घासून घट्ट केली. आईनं चावी फिरवली.

"टक."

"ट्रॅक्टर ओढते ती बॅटरी," ताई म्हणाली. "म्हणजे बॅटरी निर्दोष. ने परत."

मी ती पुन्हा पोटाशी धरली.

तोवर कंपाउंडर काका आले. हे आमच्या शेजारचे. दवाखान्यातून निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसत नाहीत. त्यांनी बॉनेटला कान लावला, आम्हाला हातानं गप्प केलं आणि बराच वेळ ऐकलं.

"श्वास आहे," ते म्हणाले. "नाडी लागत नाही."

"मग काय करायचं, काका?"

"गारठलीय. शेक द्या."

आईनं आंघोळीचं तापलेलं पाणी आणून इंजिनावर ओतलं. ढगासारखी वाफ उठली, काका वाफेत दिसेनासे झाले. चावी फिरवली. टक. त्या दिवशी गाडीला ऊन पाणी मिळालं आणि आम्ही सगळ्यांनी गार पाण्यानं आंघोळ केली.

गुरुवारी केंद्रावर ताईनं गाडी फाटकाबाहेर रस्त्यावरच उभी केली, इंजिन चालू ठेवून. फाटकाबाहेर साहेबांचा नियम पोचत नव्हता. पण कॅनही आपोआप आत पोचत नव्हते. भरलेला एकेक कॅन मी खांद्यावरून फाटकापासून वजनकाट्यापर्यंत नेला. कडी खांद्यात रुतत होती, दूध आत हिंदकळून मला कधी डावीकडं तर कधी उजवीकडं नेत होतं. टेम्पोवाल्यानं आपला टेम्पो मुद्दाम मधोमध लावला होता. त्याला वळसा घालून जावं लागायचं.

"अरे, जरा बाजूला घे की," ताई त्याला म्हणाली.

"घेतला असता, ताई. पण इंजिन बंद केलंय. नियम आहे ना."

ताईनं दुसरी कडी धरली, आणि उरलेले कॅन आम्ही दोघांनी मिळून नेले. तिची वेणी कॅनच्या झाकणात अडकली तरी ती थांबली नाही. वेणी सोडवली ती वजन झाल्यावर. वजन किंचित जास्त भरलं असावं.

दुपारी मिस्त्री आला. हा फार गुणी माणूस, पण गाडीकडं बघताना त्याचा चेहरा असा होतो की आपण सांत्वनाला बसलोय असं वाटतं. त्यानं चावी फिरवली, टक ऐकला, बॉनेट लावून टाकलं.

"विका."

"का?"

"सेल्फ गेला असेल. नाहीतर स्विच गेला असेल. नाहीतर वायरिंग. वय झालंय हिचं. सगळंच थोडं थोडं जातं."

"थोडं थोडं काय गेलंय ते सांग."

"ते उघडल्याशिवाय कसं सांगणार?"

"मग उघडू," ताई म्हणाली आणि पोतं घेऊन गाडीखाली शिरली.

सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर. ती आमच्या गाडीत अशा जागी बसवलीय की बसवणाऱ्याला घरच्यांचा राग असणार. वरून हात पोचत नाही, खालून नजर पोचत नाही. जमीन बर्फासारखी होती. ताई पाठीवर पडून पाना फिरवत होती. बोल्ट सुटेना, मग एकदम सुटला आणि तिची बोटं लोखंडावर आपटली. सालटी निघाली. वरून ऑइलचा थेंब डोळ्यात पडला. ती फक्त "फडकं" म्हणाली. मी फडकं दिलं. थोड्या वेळानं "दुसरं" म्हणाली. मिस्त्री उकिडवा बसून आतल्या बोल्टला खालून टेकू देत राहिला. विकायचा सल्ला दिला असला तरी तो घरी काही गेला नाही.

सेल्फ मी वाइंडिंगवाल्याकडं नेला. त्यानं तो शिकंज्यात आवळून बॅटरीला जोडला. सेल्फ असा गरजला की टेबल पुढं सरकलं आणि वाइंडिंगवाल्याचा चष्मा चहात पडला.

"काय झालंय म्हणता ह्याला?" त्यानं चष्मा पुसत विचारलं.

"फिरत नाही."

त्यानं माझ्याकडं जरा सहानुभूतीनं बघितलं आणि सेल्फ परत दिला.

पुन्हा पोतं, पुन्हा पाठीवर, पुन्हा ती जागा. बसवला. आईनं चावी फिरवली.

"टक."

"सेल्फ निर्दोष," ताई गाडीखालून म्हणाली. तिचा आवाज हसल्यासारखा आला. मी वाकून बघितलं, ती हसत नव्हती.

शुक्रवारी स्विच. ताईनं मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन सेल्फवरची दोन टोकं सरळ एकमेकांना जोडली, म्हणजे चावीला मधून रजा. ठिणगी उडाली, मिस्त्री मागं सरकला, आणि टक. स्विच निर्दोष. घरात निर्दोष वस्तूंची संख्या इतकी वाढली होती की मला स्वतःबद्दल काळजी वाटू लागली.

त्याच दिवशी बाबांना काम मिळालं. ताईनं खुर्ची गाडीसमोर ठेवली, बाबांना त्यात बसवलं, गुडघ्याखाली उलटी बादली दिली.

"बाबा, दिवे बघायचे. आई चावी फिरवेल तेव्हा मंदावतात का ते सांगायचं."

आईनं दिवे लावले, चावी फिरवली. टक.

"मंदावले?"

"छे. टक्क उजेड आहे. डोळ्यांपुढं काजवे आले माझ्या."

"पुन्हा बघा."

"अगं, बघितलं. जराही नाहीत."

ताई फडक्यात बोटं गुंडाळत विचार करत उभी राहिली. "सेल्फ फिरायला लागला की बॅटरीतली ताकद ओढतो. दिवे मंदावायलाच हवेत. दिवे मंदावत नाहीत, म्हणजे बॅटरीकडं कुणी काही मागतच नाहीये."

"किंवा मागतंय आणि पोचत नाहीये," मिस्त्री म्हणाला. विकायचा विषय त्यानं त्या दिवसापासून काढला नाही.

बाबा मात्र खूश होते. पुष्कळ दिवसांनी त्यांना कुणी काही बघायला सांगितलं होतं. रात्री जेवतानाही ते म्हणाले, "दिवे उत्तम आहेत हो गाडीचे."

शनिवारी फेरी आटपून आलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि माझे खांदे माझे राहिले नव्हते. ताईनं मला चावीवर बसवलं. आई बॉनेटमध्ये वाकून बॅटरी दाखवत होती. ताई खाली. मिस्त्री बॉनेटखाली उकिडवा. कंपाउंडर काका एका बाजूला, त्यांना कुणी बोलावलेलं नसलं तरी.

"चावी फिरव आणि सोडू नको," ताई खालून ओरडली. "धरून ठेव."

मी फिरवली. टक. धरून ठेवली.

"अगंबाई!" आई किंचाळली आणि बॅटरी तिच्या हातातून इंजिनात पडली. "भाजलं मला!"

हातातली बॅटरी, म्हणजे विजेरी. गाडीची बॅटरी आईला उचलवत नाही.

आई बोट तोंडात घालून उड्या मारत होती. ती ज्या तारेला टेकली होती, त्या तारेच्या काळ्या नळीतून बारीक धूर निघत होता.

"ताप आलाय," कंपाउंडर काका म्हणाले. इतक्या दिवसांनी एक लक्षण त्यांच्या ओळखीचं निघालं होतं.

ताई गाडीखालून सरपटत बाहेर आली. केसांत माती, गालावर ग्रीस. तिनं त्या नळीवरून हात फिरवला, चटका बसला तरी फिरवला.

"ही अ‍ॅक्सिलरेटरची केबल आहे," ती म्हणाली. "पायानं दाबायची. हिच्यात वीज नसतेच. ही तापेल कशाला?"

"तापली की," आई बोट तोंडातून काढून म्हणाली.

ताई तिथंच मातीत बसली. कोंबड्या गाडीखालून ये-जा करत होत्या.

"वीज बॅटरीतून निघून सेल्फपर्यंत जाते," ती हळूहळू म्हणाली. "पण तिला परतही यायचं असतं. इंजिनातून चासीत, म्हणजे खालच्या सांगाड्यात, आणि चासीतून बॅटरीत. तिचा परतीचा रस्ता कुठंतरी बंद आहे. म्हणून ती बिचारी ह्या बोळातून घुसतेय. एवढी मोठी वीज, एवढीशी तार."

"अर्थिंग!" मिस्त्री उभा राहिला आणि बॉनेटला डोकं आपटून पुन्हा बसला.

ट्रॅक्टरवाल्यांकडून जाड वायर आणली. एक टोक बॅटरीच्या वजा टोकाला, दुसरं सरळ इंजिनाच्या लोखंडाला. ताईनं ते दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"मार."

मी चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली.

एकदम. अंगणात. सपाटीवर. कोंबड्या कुंपणावर गेल्या, काका ओट्यावर गेले. उभ्या जागी सुरू झालेली आमची गाडी आम्ही कितीतरी दिवसांत बघितलीच नव्हती. ती कुठं निघालीय तेच कळेना. मी सवयीनं स्टिअरिंग घट्ट धरून समोरच्या भिंतीकडं बघत राहिलो.

"बंद कर," ताई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. ऑइल असेल. "आता चोर सापडेल."

इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं, आणि त्याच्यापासून चासीपर्यंत तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी असते. तोच विजेचा परतीचा रस्ता. ताई खाली शिरली, विजेरीचा उजेड पट्टीवरून सरकत तिच्या टोकापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. बराच वेळ थांबला.

मग ती बाहेर आली आणि बाबांच्या खुर्चीपाशी उकिडवी बसली.

इथं बाबांबद्दल सांगायला हवं. पिकअप घ्यायच्या आधी बाबा लोखंडी फाटकं रंगवायचे. सगळ्या पंचक्रोशीतली फाटकं त्यांच्या हाताखालून गेलीत. त्यांचं एक तत्त्व होतं: नटाभोवती रंगवतो तो रंगारी नव्हे. नट काढायचा, त्याच्या खाली रंगवायचं, नट लावायचा आणि मग नटावर रंगवायचं. बाकीचे रंगारी त्यांना हसायचे आणि त्यांची फाटकं गंजायची. मागं गुडघा जायच्या जरा आधी बाबांनी गाडी स्वतः रंगवली होती. निळी. वरून, आतून, खालून. शेवटचं मोठं काम त्यांचं.

"बाबा," ताई हळू आवाजात म्हणाली, "गाडी रंगवताना तुम्ही खालची तांब्याची पट्टी काढली होती?"

"काढणारच. पट्टीवरून रंग फासायला मी काय शिकाऊ आहे?"

"आणि तिच्याखाली?"

"प्रायमर. वर दोन हात." बाबा सावरून बसले. "जागा ओलाव्याची होती, म्हणून तिसरा दिला. बघ जाऊन, अजून तसाच असेल. एक पापुद्रा सुटला नसेल."

"नाही सुटला."

"सुटणारच नाही."

मग बाबांनी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्री आपल्या पान्याकडं बघत होता. बाबांचा हात गुडघ्यावर थांबला.

"रंगातून वीज जात नाही का गं?"

"नाही, बाबा."

"चांगल्या रंगातूनपण?"

"चांगल्यातून तर अजिबात नाही."

आईनं पदर डोळ्यांना लावायची तयारी केली होती, पण बाबा म्हणाले, "पॉलिश पेपर आणा. आणि मला खाली घ्या."

"बाबा, मी करते. तुमचा गुडघा…"

"रंग मी दिलाय. मीच काढणार."

बाबांना गाडीखाली घालणं हे सेल्फ बसवण्यापेक्षा अवघड होतं. त्यांना पोत्यावर झोपवलं, आईनं डोकं धरलं, मी काख धरली, मिस्त्रीनं दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ ठेवला आणि ताईनं पोतं ओढलं. काका मधूनमधून "हळू, हळू" म्हणत होते, ते मात्र बरोबर म्हणत होते. खालून खरवडल्याचा आवाज सुरू झाला. आयुष्यभर रंग चढवलेल्या माणसाच्या हातून रंग उतरत होता. निळी भुकटी त्यांच्या छातीवर, भुवयांवर, ओठांवर पडत होती. मधेच त्यांना कळ यायची, पोत्याबाहेर आलेला पाय ताठ व्हायचा. थोडं थांबून आवाज पुन्हा सुरू व्हायचा.

"झालं का, बाबा?"

"प्रायमर राहिलाय. फार चांगला बसलाय मेला."

शेवटी लोखंड उघडं पडलं, चकचकीत. ताईनं बाजूनं हात घालून पट्टी लावली, नट आवळला, वरून ग्रीस लावलं.

"पट्टीभोवती एक पातळ हात देऊ?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"नुसता कडेनं?"

"नाही."

"गंजेल गं."

"दर महिन्याला मी घाशीन."

बाबांना बाहेर काढलं तेव्हा ते पार निळे झाले होते. मी चावी फिरवली, जादा वायर न लावता. गाडी सुरू झाली. बंद केली, पुन्हा सुरू झाली. केबल गार होती, आईनं दुसरं बोट लावून खात्री केली.

रविवारी फेरीला ताईनं ओढ्यापलीकडच्या वस्तीवर गाडी भर वस्तीत, दारांपुढं उभी केली. कुणी बाहेरच येईना. हॉर्न दिला तरी नाही. शेवटी मी शोधत गेलो, तर सगळे चरव्या घेऊन ओढ्यापाशी उताराला उभे.

"गाडी तिकडं आलीय," मी सांगितलं.

"असं कसं?" एक आजी संशयानं म्हणाल्या. "परवानगी काढली का?"

आणि मग सोमवार. सोमवारी काय होणार ह्याची मला काहीही कल्पना नव्हती, हे मी पुन्हा सांगतो.

बाबा हट्टानं बरोबर आले. काठी पायांमध्ये धरून ताईशेजारी बसले. मी मागं कॅनांमध्ये. फाटकाच्या आत सिमेंटवर गाडी उभी राहिली, ताईनं इंजिन बंद केलं. साहेब आले. टेम्पोवाला आला, आज त्यानं भांग पाडला होता. कॅन धुणारी मावशी, रखवालदार आणि कारकून नेहमीच्या सवयीनं फळीमागं जाऊन हात टेकून उभे राहिले.

"हात काढा," साहेब म्हणाले.

त्यांनी हात काढले आणि हातांचं काय करायचं ते न कळून मागं बांधले. ताईनं एकदा बाबांकडं बघितलं. बाबांनी डोळे मिटले होते. तिची सालटी निघालेली बोटं चावीवर गेली.

गाडी सुरू झाली.

मावशींनी टाळी वाजवली, साबणाचे शिंतोडे साहेबांच्या चष्म्यावर उडाले. ते चष्मा पुसत म्हणाले, "पुन्हा." ताईनं बंद केली, पुन्हा सुरू केली. "पुन्हा." पुन्हा सुरू झाली. साहेबांना आवाज आवडायला लागला असावा, कारण त्यांनी आणखी एकदा सांगितलं. टेम्पोवाला शेंगा न सोलताच निघून गेला.

"फेरी तुमच्याकडंच," साहेब म्हणाले.

ताईनं श्वास सोडला. बुधवारपासून धरून ठेवलेला असावा, कारण बराच वेळ सुटत होता.

पण तपासणी संपली नव्हती. साहेब टॉर्च घेऊन खाली वाकले आणि तसेच राहिले.

"इथं रंग गेलाय."

"गेला नाही, साहेब. काढलाय," ताई म्हणाली.

"दूध वाहणाऱ्या गाडीच्या सांगाड्याला उघडं लोखंड चालत नाही. रंगवून घ्या."

"तिथं रंगवली तर गाडी सुरू होणार नाही."

"सुरू तर व्हायलाच हवी."

"मग रंगवता येणार नाही."

"रंगवायलाही हवी."

"साहेब, दोन्ही कसं होणार?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी फक्त तपासतो." साहेबांनी विचार केला, आणि हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं की खरोखरच केला. "फार तर अर्ज द्या. वर पाठवतो."

ताई काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी काठी गाडीच्या पत्र्यावर आपटली.

"विद्वान, उतर खाली. कागद घे. मी सांगतो तसं लिही."

मी बॉनेटवर कागद ठेवला. इंजिन चालूच होतं, साहेबांनी त्याकडं दुर्लक्ष केलं, आणि अक्षर जरा थरथरतं आलं. बाबांनी सांगितलं तसंच लिहिलं, एक शब्द बदलला नाही. वर्षानुवर्षं नटाखाली रंग देणारा माणूस खिडकीतून मान बाहेर काढून मजकूर सांगत होता आणि ताई खाली उतरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

प्रति,
माननीय वरिष्ठ कार्यालय.

विषय: चासीच्या डाव्या बाजूस पट्टीखाली असलेल्या उघड्या जागेच्या रंगाबाबत.

महोदय,

वरील जागेवर प्रायमरवर तीन हात रंग दिलेला होता व तो उत्तम स्थितीत असताना, वाहन सुरू होण्याच्या कारणास्तव, रंग देणाऱ्यानेच तो स्वहस्ते काढला आहे. सदर जागा पुन्हा रंगवल्यास वाहन सुरू होणार नाही व न रंगवल्यास वाहन नियमात बसणार नाही. तरी सदर जागा, उघडी असली तरी, आपल्या कार्यालयाने निळी समजावी. तपासणीच्या वेळी ती निळी दिसत असल्याबद्दल संबंधितांना लेखी सूचना द्याव्यात. आणि तिच्यावर गंज आल्यास तोही निळाच धरण्यात यावा, ही नम्र विनंती.